१७ की २४, आणि मुळात घ्यायची का? वाइड टिल्ट-शिफ्टबद्दल विचारलंत म्हणून

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात आर्किटेक्ट लोकांची कामं शूट करता, हातात १६-३५ मिमी झूम आणि २४ मेगापिक्सेलचा फुलफ्रेम (३६ बाय २४ मिमी सेन्सरचा) कॅमेरा आहे, उभ्या रेषा घरी येऊन सॉफ्टवेअरमध्ये सरळ करता. वाइड टिल्ट-शिफ्ट, म्हणजे कॅमेऱ्यावर सरकवता (शिफ्ट) आणि वाकवता (टिल्ट) येणारी वाइड लेन्स, घेतली तर खरंच फरक पडेल का, घ्यायची तर १७ मिमी की २४, आणि पावसाळा सरताना फुलांसाठी कासच्या पठारावर जाता तिथे तिचा उपयोग होईल का?

आधी शिफ्टबद्दल बोलतो, कारण तुमच्या कामात नव्वद टक्के वेळा तीच लागणार. टिल्ट नंतर.

इमारत मागे पडल्यासारखी दिसते त्याचा दोष बरेचजण वाइड लेन्सला देतात. लेन्सचा त्यात काही दोष नाही. कॅमेरा वर केला की सेन्सर भिंतीला समांतर राहत नाही, एवढंच. गवंडी भिंत ओळंब्यात धरतो तसा सेन्सर ओळंब्यात धरला, तर १४ मिमी लेन्सनेही उभ्या रेषा उभ्याच येतात. पण कॅमेरा असा सरळ धरला की क्षितिज फ्रेमच्या बरोब्बर मध्यात येतं. वरच्या अर्ध्या भागात इमारत कापली जाते आणि खालच्या अर्ध्यात रस्ता, पेव्हर ब्लॉक, कुणाची तरी स्कूटर. शिफ्ट हा घोळ सोडवते. साध्या लेन्सची प्रतिमा सेन्सर जेमतेम झाकते. सेन्सरचा कर्ण ४३ मिमी असतो, तर कॅननच्या १७ आणि २४ मिमी टिल्ट-शिफ्टचं प्रतिमेचं वर्तुळ ६७ मिमी व्यासाचं आहे. त्या मोठ्या वर्तुळातला कुठला तुकडा उचलायचा ते तुम्ही नॉब फिरवून ठरवता. कॅमेरा जागचा हलत नाही, ओळंबा सुटत नाही, फ्रेम मात्र वर सरकते.

आकडे घालून बघू. गेटवे ऑफ इंडिया २६ मीटर उंच. कॅमेरा दीड मीटरवर, लेन्स २४ मिमी, फ्रेम उभी, कॅमेरा लेव्हलमध्ये. शिफ्ट न देता माथा फ्रेमच्या वरच्या कडेला टेकायला तुम्हाला साधारण ३३ मीटर मागे जावं लागेल, आणि तरी खालची अर्धी फ्रेम फरशी आणि गर्दीने भरलेली असेल. १२ मिमी पूर्ण शिफ्ट दिली तर तोच माथा २० मीटरवरून मावतो. पण मी २० मीटरवर जाणार नाही. मी ३३ वरच उभा राहीन आणि सहा मिमी शिफ्ट देईन. माथ्यावर श्वास घ्यायला आभाळ मिळेल, खालची फरशी तेवढीच कमी होईल, आणि कमानीचं घुमटांशी असलेलं प्रमाण लांबून जसं दिसायला हवं तसं राहील.

या लेन्सची खरी किंमत मला इथे वाटते. दृश्यातल्या वस्तूंचं एकमेकांशी नातं फक्त तुम्ही कुठे उभे आहात यावर ठरतं. साध्या लेन्सने काम करताना आपण जागा आणि फ्रेम यांत तडजोड करत राहतो: माथा मावत नाही म्हणून मागे, झाड येतंय म्हणून पुढे, फरशी जास्त दिसते म्हणून कॅमेरा वर. शिफ्ट असली की आधी जागा ठरते. पायांनी नीट हिंडून, एक डोळा मिटून. फ्रेम कापायचं काम मग नॉबवर.

आता हे सगळं सॉफ्टवेअरने होत नाही का? होतं, आणि हे टिल्ट-शिफ्टवाले सहसा सांगत नाहीत. तुमचीच १६-३५ घ्या, १६ वर ठेवा, फ्रेम उभी, कॅमेरा काटेकोर लेव्हलमध्ये. शूट करा आणि घरी खालचा भाग आणि कडेच्या पट्ट्या कापून टाका. ही फ्रेम २४ मिमीवर ९ मिमी शिफ्ट दिल्यावर मिळते तीच. अगदी तीच, काही ताणलेलं नाही, काही वाकवलेलं नाही. फक्त पिक्सेल जातात: तेवढ्याच रुंदीची फ्रेम कापली तर क्षेत्रफळाच्या ४४ टक्के उरतात, म्हणजे २४ मेगापिक्सेलचे साडेदहा. वेबसाइटला आणि इन्स्टाग्रामला ते पुरून उरतं. मासिकाच्या दोन पानांवर किंवा आर्किटेक्टच्या ऑफिसातल्या सहा फुटी प्रिंटवर ते तोकडं पडतं, त्यात तो तुकडा झूमच्या कोपऱ्याकडचा, म्हणजे सगळ्यात कमजोर.

कॅमेरा वर करून मारलेला फोटो नंतर ताणून सरळ करणं ही वेगळी गोष्ट. दोन-तीन अंशांचा प्रश्न असेल तर बिनधास्त करा, मीही करतो. पंधरा-वीस अंश ताणलंत की तीन गोष्टी होतात. वरचे मजले ताणले गेल्याने मऊ पडतात. खाली दोन्ही कोपऱ्यांत रिकामे त्रिकोण उरतात, ते घालवायला कडा कापाव्या लागतात, आणि जागेवर तुम्ही प्रेमाने फ्रेममध्ये घेतलेलं कंपाउंडचं फाटक नेमकं कडेलाच असतं. आणि इमारतीची उंची-रुंदी बिघडते. सॉफ्टवेअरला ती इमारत मुळात किती उंच होती हे माहीत नसतं, ते अंदाज करतं. आर्किटेक्टला मात्र माहीत असतं. एलिव्हेशन, म्हणजे इमारतीची समोरची बाजू, त्याने महिनोन्‌महिने काढलेलं असतं. खिडकी थोडी बुटकी झाली तरी त्याला लगेच खुपतं.

म्हणून माझा पहिला सल्ला असा की महिनाभर १६ मिमी लेव्हलमध्ये धरून, खालचं कापायचं या हिशेबाने शूट करा. हात बसेल. त्यानंतरही पिक्सेल कमी पडतायत असं वाटलं, किंवा क्लायंट शेजारी उभा असताना ‘खालचं नंतर कापू’ असं सांगायचा कंटाळा आला, तर लेन्स घ्या.

लेव्हलचं थोडं सविस्तर सांगायला हवं. शिफ्ट असली तरी कॅमेरा अर्धा अंश झुकलेला असेल तर रेषा झुकणारच, आणि इतर सगळं सरळ असल्यामुळे तेवढंही डोळ्यात भरतं. ट्रायपॉडवरच्या बॉल हेडने, म्हणजे गोळ्याच्या सांध्याने, हे काम होत नाही. एक बाजू साधली की दुसरी सुटते. प्रत्येक दिशा वेगळ्या नॉबने फिरणारं गियर्ड हेड घ्या, लेन्सच्या आधी. आणि नवीन बांधकामात भिंतीची कड ग्रिडशी जुळवा, पण पेठेतल्या जुन्या वाड्यात भिंतीवर विश्वास ठेवू नका. तिथे भिंतच ओळंब्यात नसते, चौकटी गेल्या शंभर वर्षांत एकेका बाजूला बसलेल्या असतात. तिथे कॅमेऱ्याची लेव्हल खरी मानायची आणि वाकडं ते वाकडं दिसू द्यायचं.

शिफ्ट मिळते म्हणून पूर्ण वापरायची असं नाही. २४ मिमीवर उभ्या फ्रेममध्ये १२ मिमी दिली की वरची कड क्षितिजापासून ५१ अंशांवर जाते. इतकं वर बघताना आपला डोळा रेषा जवळ येतील अशी अपेक्षा धरतो. त्या अगदी समांतर दिसल्या की इमारत वर रुंद होत गेल्यासारखी, अंगावर आल्यासारखी वाटते. माझी मर्यादा साधारण ४५ अंशांची. त्यापलीकडे जायची वेळ आली तर कॅमेरा एखादा अंश वर करून रेषांना किंचित जवळ येऊ देतो. बघणाऱ्याच्या लक्षात येत नाही, पण इमारत शांत उभी राहते. त्याहून चांगला उपाय म्हणजे समोरच्या इमारतीचा दुसरा मजला. बेल वाजवायची, नीट सांगायचं, गॅलरीत दहा मिनिटं मागायची. मला बहुतेक ठिकाणी गॅलरी मिळाली आहे, आणि निम्म्या ठिकाणी चहाही.

आतल्या कामात शिफ्टचा उपयोग बाहेरच्यापेक्षाही जास्त, आणि त्याबद्दल कुणी फार बोलत नाही. स्वयंपाकघर घ्या. ओटा साधारण ३२ ते ३४ इंचांवर असतो. कॅमेरा डोळ्याच्या उंचीवर लावला तर ओट्याचा ग्रॅनाइट फुगलेल्या पोळीसारखा पसरतो आणि खालचे ट्रॉलीचे खण दबतात. मी कॅमेरा ४२ इंचांच्या आसपास आणतो. मग ओटा एक बारीक, लखलखीत पट्टी होतो आणि वरची-खालची कपाटं आपापल्या मापात दिसतात. या उंचीवर साधी लेन्स लेव्हलमध्ये धरली की छत किंवा जमीन, काहीतरी नको तेवढं येतं. शिफ्टने हवं तेवढं घेता येतं. आडवी शिफ्टही आहेच: बाथरूममध्ये आरशासमोर उभं न राहता बाजूला उभं राहायचं, कॅमेरा आरशाला समांतर ठेवायचा आणि लेन्स आरशाच्या दिशेने सरकवायची. आरसा समोरासमोर येतो आणि तुम्ही त्यात नसता.

वरून खाली बघतानाही तेच. वेरूळला कैलासच्या वरच्या कड्यावरून खाली कॅमेरा केला तर देऊळ पायाकडे निमुळतं होत जातं. कॅमेरा सरळ ठेवून शिफ्ट खाली दिली की एका दगडातून वरून खाली कोरलेलं ते काम आपल्या वजनानिशी तळावर टेकतं. फक्त लक्षात ठेवा, पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित वास्तूंमध्ये ट्रायपॉडला आधी परवानगी लागते. ती नसेल तर हातात धरून शिफ्ट मारायची. आताच्या मिररलेस बॉडीत व्ह्यूफाइंडरमध्येच लेव्हल दिसते, त्यामुळे सवयीने जमतं.

१७ की २४? मी २४ आधी घेईन, आणि तुम्हालाही तेच सांगेन. १७ वर पूर्ण शिफ्ट दिली तर वरची कड ६० अंशांवर जाते. ती दृश्यं नाट्यमय असतात, पण इमारतीशी प्रामाणिक नसतात. १७ कामाला येते ती पेठेतल्या बोळात, छोट्या फ्लॅटच्या खोल्यांत, जिथे पाठीला भिंत लागलेली असते. तिची पुढची काच फुगीर आहे, साधा फिल्टर बसत नाही आणि पावसाचे थेंब नेमके तिथेच बसतात. २४ ला ८२ मिमीचा साधा फिल्टर लागतो. शिवाय २४ मधून १७ काढता येते: उभी फ्रेम, लेन्स डावीकडे १२, मध्ये, उजवीकडे १२, अशा तीन फ्रेम जोडल्या की ४८ बाय ३६ मिमी सेन्सरइतकं चित्र होतं. तुमच्या २४ मेगापिक्सेलचे ४८ होतात आणि दृश्याचा कोन साधारण १७ मिमीचा. कॅमेरा फिरवलेला नसल्यामुळे जोडणी सुबक बसते. एकच अडचण: लेन्स सरकते तेव्हा तिचा डोळाही सरकतो, त्यामुळे अगदी जवळची खुर्ची किंवा खांब दोन फ्रेममध्ये जुळत नाही. त्यासाठी लेन्सला पकडणारी कॉलर मिळते. लेन्स स्थिर राहते आणि मागे बॉडी सरकते.

आता टिल्ट. खेळण्यातल्या गावासारखे दिसणारे फोटो सोडून द्या, ती गंमत दोन दिवसांची. टिल्टचं खरं काम फोकसचं प्रतल झोपवणं. याचा नियम ज्याच्या नावाने ओळखला जातो तो थिओडोर शाइम्पफ्लुग हा ऑस्ट्रियन लष्करी अधिकारी. त्याला हवेतून काढलेल्या फोटोंमधला तिरकेपणा काढून नकाशे करायचे होते, आणि त्याचं पेटंट १९०४ चं. एरवी तीक्ष्ण दिसणारा भाग तुमच्या समोर भिंतीसारखा उभा असतो. लेन्स वाकवली की तो सतरंजीसारखा जमिनीवर अंथरता येतो.

किती वाकवायची? इथे सगळे चुकतात, कारण आठ अंश मिळतात म्हणून पाच-सहा देऊन बघतात. हिशेब सोपा आहे: फोकल लेन्थला लेन्सपासून त्या प्रतलापर्यंतच्या उभ्या अंतराने भागा, उत्तर म्हणजे कोनाचा साइन. २४ मिमी लेन्स जमिनीपासून दीड मीटरवर असेल आणि जमीनच फोकसमध्ये हवी असेल तर टिल्ट लागतो ०.९ अंश. एक अंशसुद्धा नाही.

कासचं उदाहरण नीट मांडतो. तेरडा फुललाय, फुलं जमिनीपासून १५ सेंमीवर, कॅमेरा ५५ सेंमीवर. फरक ४० सेंमी, म्हणून टिल्ट साधारण साडेतीन अंश. उभी फ्रेम, शिफ्ट पूर्ण खाली, म्हणजे हातभर अंतरावरची फुलंही फ्रेममध्ये येतात आणि कॅमेरा लेव्हलमध्येच राहतो. टिल्ट न देता हातभर अंतरापासून क्षितिजापर्यंत सगळं फोकसमध्ये आणायला एफ/२२ इतकं बारीक अपर्चर लागेल. टिल्ट दिला तर एफ/८ पुरतं. तीन स्टॉपचा, म्हणजे आठपट उजेडाचा फरक: शटर १/१५ सेकंदाच्या जागी १/१२५. पठारावर वारा थांबतच नाही, म्हणून हा फरक नुसता कागदावरचा राहत नाही. फोकस स्टॅकिंगही (वेगवेगळ्या अंतरांवर फोकस केलेल्या फ्रेम जोडणं) तिथे याच कारणाने फसतं, कारण दोन फ्रेमच्या मध्ये प्रत्येक फूल जागा बदलतं. सगळं पायवाटेच्या कडेला राहूनच करा, ट्रायपॉडचा पायसुद्धा फुलांत नको.

फोकस करायची पद्धत: दूरचं रिंगने, जवळचं टिल्टने. आधी हिशेबाचा टिल्ट द्या. लाइव्ह व्ह्यू दहापट मोठा करून लांबच्या फुलांवर रिंग फिरवा. मग खालच्या कडेची फुलं बघा, मऊ असतील तर टिल्ट केसभर बदला. पुन्हा लांबचं. दोन-तीन फेऱ्यांत बसतं. या लेन्सना ऑटोफोकस नाही, त्याची वाट बघू नका.

आणि ही सतरंजी सगळीकडे सारख्या जाडीची नसते. जवळ पातळ, लांब जाड, पाचरीसारखी. वरच्या उदाहरणात एफ/८ वर हातभर अंतरावर फुलांच्या पातळीच्या वर-खाली जेमतेम सात सेंमी नीट येतं. दहा मीटरवर ते दीड मीटरच्या थोडं वर जातं. म्हणजे दहा मीटरवर एखादं झाड असेल तर त्याचा बुंधा लख्ख आणि शेंडा धुरकट. लोक याला लेन्सचा दोष समजतात. पठार सपाट आहे म्हणून तिथे टिल्ट चालतो. पुढे दीपमाळ आणि मागे देऊळ असेल तर टिल्ट शून्यावर ठेवा आणि एफ/११ वर या. २४ मिमीला त्यावर ढोबळमानाने ०.९ मीटरपासून पुढचं सगळं मिळतं. माझ्या लँडस्केपच्या कामातही टिल्टपेक्षा शिफ्टच जास्त वापरली जाते. सुरूच्या बनात खोड सरळ ठेवायला, आणि कड्याखाली उभं राहून कॅमेरा वर केला की कडा मागे झोपतो, तो झोपू न द्यायला.

टिल्ट बेफिकिरीने वापरला की काय होतं ते मी भोगलंय. माझी पहिली टिल्ट-शिफ्ट म्हणजे १९९१ ची कॅनन २४, सेकंडहँड. तिच्यात शिफ्ट वर-खाली असेल तर टिल्ट डावी-उजवीकडे होतो. दोन्ही एकाच दिशेला आणायला चार स्क्रू काढून तो भाग फिरवून बसवावा लागतो. नाशिकजवळ एका बंगल्याचं संध्याकाळचं एलिव्हेशन घेत होतो. बॅगेतून काढताना टिल्टचा नॉब दीडेक अंश सरकलेला, माझं लक्ष नाही. फोकस डावीकडच्या दारावर केला. दाराची पितळी कडी काचेसारखी स्वच्छ. रात्री लॅपटॉपवर बघतो तर इमारतीचं उजवं टोक लोण्यासारखं. दुसऱ्या दिवशी परत गेलो तर आभाळ भरलेलं. तेव्हापासून टिल्ट लागणार नसेल तेव्हा त्या नॉबवर काळी टेप असते, आता २००९ ची दुसरी आवृत्ती वापरतो तरी. तिच्यात टिल्ट शून्यावर अडकवायचं लॉक आहे आणि दोन्ही अक्ष स्क्रू न काढता फिरतात. वर सांगितलेली कासची फ्रेम, जिच्यात शिफ्ट आणि टिल्ट दोन्ही उभ्या दिशेने लागतात, ती म्हणूनच या आवृत्तीत सोपी आहे.

डीएसएलआर असेल तर एक्स्पोजर शिफ्ट-टिल्ट देण्याआधी मोजून मॅन्युअलवर अडकवा, नंतर मीटर चुकतं. मिररलेसला हा त्रास नाही. कॅननची ईएफ माउंटची, म्हणजे डीएसएलआरसाठीची, लेन्स मिररलेस बॉडीवर अडॅप्टर लावून चालते.

सेकंडहँड बघायला गेलात तर लेन्स पूर्ण शिफ्ट करून नॉब आवळा आणि कॅमेरा आकाशाकडे, मग जमिनीकडे करा; आपल्या वजनाने घसरत असेल तर सोडून द्या. मग एखादी विटांची भिंत शोधा. कॅमेरा तिला अगदी समांतर, टिल्ट शून्य, एफ/८, आणि तीन फ्रेम: शिफ्ट एका टोकाला, मध्ये, दुसऱ्या टोकाला. दोन्ही टोकांच्या फ्रेम सारख्याच मऊ असतील तर चालेल, तो त्या लेन्सचा स्वभाव आहे. एकच बाजू मऊ असेल तर लेन्स कधीतरी पडलेली आहे, विकणारा काहीही सांगो.